लेखातील चित्र

मुलांनो, पुस्तकातील मजकूर आणि त्याच्या शेजारचे चित्र ही दोन्ही एकाच वेळी पानावर उतरली असावीत, असे आपणांस सहज वाटते. वस्तुतः चित्राची वाट निराळी असते, आणि ती अक्षरांच्या वाटेहून बिकट असते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले व १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतील पहिला दिवाळी अंक म्हणून तो ओळखला जातो. त्यात छायाचित्रेही होती. त्या काळी जुळारी शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करीत असे. परंतु छायाचित्राचे खिळे कोठून आणावयाचे? छायाचित्रात काळ्या-पांढऱ्यामधील असंख्य छटा, आणि शाई तर एकच, काळी! यावर काढलेली तोड मोठी नामी होती. बारीक रेषांची जाळी आखलेल्या काचेतून ते छायाचित्र पुन्हा टिपीत. मग त्याचे ठिपके होत. गडद जागी मोठे, उजळ जागी लहान. हे ठिपके जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून मधला भाग आम्लाने खाववीत. पत्रा लाकडी ठोकळ्यावर बसवून खिळ्यांच्या उंचीचा केला, की ठसा म्हणजे ब्लॉक तयार होई. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदास विरळ जाळीचा ठसा लागे. तेथे दाट जाळीचा वापरला, तर ठिपक्यांमध्ये शाई भरून भल्या माणसाचा चेहराही काळवंडून जाई. मात्र एकदा छापलेले चित्र पानावरून हलत नसे.

संगणकाच्या पडद्यावरील चित्रही ठिपक्यांचेच असते. आडवे ४००० व उभे ३००० ठिपके असले, तर एका चित्रात ते १ कोटी २० लाख होतात. परंतु येथे चित्र बहुधा मजकुरात नसतेच. १९९३ साली मार्क अँड्रीसेन या अमेरिकन तरुणाने सुचविलेल्या रीतीप्रमाणे मजकुरात केवळ चित्राचा पत्ता लिहितात. वाचकाचा संगणक त्या पत्त्यावरून चित्र आणून जागच्या जागी मांडतो.

समजा, पुसदच्या एका विद्यार्थ्याने पूस नदीवर लेख लिहिला आणि दुसऱ्याने साठविलेल्या छायाचित्राचा पत्ता त्यात दिला. पुढे त्या मालकाने ते छायाचित्र काढून टाकले, तर लेखाचे एक अक्षरही न बदलता तेथे रिकामी चौकट उरेल. शिवाय प्रत्येक वाचकासाठी चित्र पाठविण्याचा भार त्या बिचाऱ्या मालकावरच! म्हणून मालकाची अनुमती घेऊन चित्राची प्रत लेखाजवळच ठेवणे बरे.

या पत्त्यासोबत चित्राचे वर्णन लिहिण्याचीही सोय असते. पुष्कळ लोक ती जागा कोरी सोडतात. अंध वाचकाचा संगणक मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. चित्रापाशी तो हेच वर्णन वाचतो. तेथे नुसते ‘चित्र १’ लिहिले, तर ऐकणाऱ्याच्या हाती काय लागणार? ‘पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी पूस नदी, पाणी गढूळ, काठावर गुरे घेऊन थांबलेला गुराखी’ एवढे लिहिले, तर नदीला पूर आला आहे आणि गुराख्याची वाट अडली आहे, हे त्यालाही कळते.