जेव्हा मित्राच्या ओठी गीत उरत नाही

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२, १ शमुवेल २३:१५-१८, स्तोत्र ८८

पाठाचा उद्देश : ज्याचा विश्वास खचला आहे त्याचा भार मित्राने व मंडळीने कसा वाहावा, हे एका एकपात्री प्रयोगाच्या द्वारे शिकविणे.

एकाच माणसाने उभे राहून कथा सांगावी, गावे आणि निरनिराळी पात्रे डोळ्यांपुढे उभी करावीत, ही रीत आपल्याला नवी नाही. कीर्तनकार हेच करीत आला आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी कीर्तनाचाच आश्रय घेतला. याच धर्तीवर शब्बाथ शाळेतील मोठ्या मुलांनी अथवा तरुण संघाने बसवावी अशी एक खरी कथा येथे देत आहे.

कथा

इंग्लंडमधील ओल्नी हे लेस विणणाऱ्या गरीब लोकांचे गाव. जॉन न्यूटन १७६४ साली तेथे पाळक म्हणून आला. पूर्वी तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. १७६७ साली कवी विल्यम कूपर तेथे राहावयास आला. त्याची आई तो सहा वर्षांचा असतानाच वारली होती. १७६३ साली मनाच्या आजाराने त्याला घेरले व त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर कॉटन यांच्या देखरेखीखाली तो बरा झाला आणि तेथेच त्याला ख्रिस्ताची ओळख पटली.

ओल्नीत दोघांची घट्ट मैत्री जमली. दोघे मिळून आजाऱ्यांच्या भेटी घेत व प्रार्थनासभेसाठी गीते रचीत. या गीतांचे एक पुस्तक करावे असे त्यांनी ठरविले.

१ जानेवारी १७७३ रोजी न्यूटनने १ इतिहास १७:१६-१७ वर उपदेश केला. 'अमेझिंग ग्रेस' हे जगप्रसिद्ध गीत त्याच उपासनेसाठी रचलेले होते. परंतु त्याच महिन्यात कूपरचा आजार पुन्हा उलटला. देवाने आपल्याला कायमचे टाकून दिले आहे, असा त्याचा पक्का समज झाला. न्यूटनने त्याला आपल्या घरी आणले आणि वर्षाहून अधिक काळ सांभाळले.

पुस्तकाचे काम न्यूटनने पुढे एकट्याने चालविले. १७७९ साली 'ओल्नी हिम्स' प्रसिद्ध झाले. त्यातील ३४८ गीतांपैकी कूपरची ६७-६८ आहेत. न्यूटनने ती वगळली नाहीत. उलट त्या गीतांवर कूपरच्या नावाचे 'सी' हे आद्याक्षर छापले आणि हे पुस्तक आमच्या मैत्रीचे स्मारक व्हावे, असा आपला हेतू प्रस्तावनेत सांगितला. ज्याला स्वतःला गाता येत नव्हते त्याची गीते मंडळी गात राहिली.

१७८० साली न्यूटन लंडनला गेला, तरी पत्रव्यवहार सुरू राहिला. कूपरला तारणाची खात्री टिकाऊपणे परत लाभली नाही. १८०० साली तो वारला.

प्रयोगासाठी सूचना

१. रंगमंचावर दोन खुर्च्या व एक दिवा पुरे. एकाच व्यक्तीने दोन्ही मित्रांचे बोल बोलावेत. आशा आणि निराशा एकाच मुखातून निघताना ऐकली म्हणजे, ही दोन्ही माणसे आपल्याच मंडळीत, कदाचित आपल्याच अंतःकरणात आहेत, हे प्रेक्षकांना उमगेल.

२. १७७३ चा प्रसंग आला की कूपरची खुर्ची रिकामी ठेवावी व गीत न्यूटनने एकट्याने म्हणावे.

३. 'अमेझिंग ग्रेस'ची आजची चाल त्या शब्दांना १८३५ साली अमेरिकेत जोडली गेली. ओल्नीत ती कोणाला ठाऊक नव्हती. म्हणून आपल्या मुलांनी आपल्या ओळखीच्या मराठी चालींवर गाण्यास हरकत नाही.

४. शेवट गोड करण्याचा मोह टाळावा. कूपर अखेरीस आनंदाने गाऊ लागला, असे दाखविणे खोटे होईल. तसे दाखविले, तर प्रेक्षकांत बसलेल्या खचलेल्या माणसाला, 'माझ्याच प्रार्थनेत काही उणे आहे,' असे वाटेल.

शिकवण

मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षघाती मनुष्य प्रभूजवळ काही मागत नाही. प्रभूने पाहिला तो त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास. योनाथान रानात दावीदाकडे गेला, तो त्याला दोष देण्यासाठी नव्हे, तर देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करण्यासाठी. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरीही ती प्रार्थना पवित्र शास्त्रात आहे.

आपल्या मंडळीत कोणी उपासनेला येईनासा झाला, तर 'त्याचा विश्वास कमी पडला' असे आपण चटकन म्हणतो. मनाचा आजार हे पाप नव्हे. त्याला डॉक्टरांची गरज असते आणि दार ठोठावणाऱ्या मित्राचीही. न्यूटनला कूपरचा अंधार घालविता आला नाही, पण त्या अंधारात त्याने त्याला एकटे सोडले नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. छप्पर उकलणाऱ्यांना कोणकोणते कष्ट पडले असतील?

२. न्यूटनने कूपरची गीते वगळली असती, तर मंडळीचे काय नुकसान झाले असते?

३. आपल्या मंडळीत आज कोणाची खुर्ची रिकामी आहे? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?