तरणतलावाच्या काठावर : त्वचा, विटाळ आणि धम्म





इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार प्राथमिक शाळा संपेपर्यंत प्रत्येक मुलाला किमान २५ मीटर पोहता यावे अशी अपेक्षा आहे. त्यासाठी शाळा मुलांना तरणतलावावर नेते. आपल्यापैकी काही घरांतून मात्र याच काळात शाळेला चिठ्ठी जाते : 'पोहण्याच्या तासातून सूट द्यावी.' कारण सर्दीचे दिले जाते. खरे कारण असते मुलीच्या गुडघ्यावरचे पांढरे डाग, किंवा मुलाच्या पाठीवर सोरायसिसने आलेले लाल, खवल्यांचे चट्टे. मोठी माणसेही वर्षानुवर्षे पाण्यात उतरत नाहीत. काठावर टॉवेल सांभाळत बसतात आणि 'मला पोहण्याची आवड नाही' असे सांगतात.

या महिन्याचा पाठ त्या काठावर बसलेल्या माणसासाठी आहे. तितकाच तो त्याच्याकडे पाहणाऱ्यांसाठीही आहे.

१. आधी वस्तुस्थिती

जे जसे आहे तसे पाहणे, ही धम्माची पहिली पायरी. कोड, म्हणजे व्हिटिलिगो, यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच हल्ला करते. रंग जातो, म्हणून डाग पांढरा दिसतो. साधारण शंभरातल्या एका माणसाला कोड असते. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा फार वेगाने तयार होतात आणि त्यांचे खवले साचतात. कोड, सोरायसिस आणि एक्झिमा यांपैकी काहीही स्पर्शाने, पाण्याने किंवा टॉवेलने दुसऱ्याला होत नाही.

आपल्या भाषेने यात एक घोळ करून ठेवला आहे. कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणण्याची जुनी पद्धत आहे. पण कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. एका चुकीच्या शब्दामुळे पिढ्यान्‌पिढ्या भीती पोसली गेली. तो शब्द आपण आपल्या घरातून काढून टाकू या.

२. सुप्रबुद्धाला कोणी मागे बसवले नाही

उदानात सुप्रबुद्धाची कथा आहे. राजगृहातला हा कुष्ठरोगी अत्यंत दरिद्री होता. दुरून गर्दी दिसली तेव्हा तिथे अन्न वाटत असतील असे वाटून तो जवळ गेला. तिथे तथागत धम्म सांगत होते. तो एका बाजूला बसला. सभेत धम्म समजण्यास कोण समर्थ आहे, हे तथागतांनी मनाने पाहिले, तेव्हा त्यांची दृष्टी याच माणसावर स्थिरावली. त्यांनी त्याला दान आणि शीलापासून क्रमाने धम्म सांगितला. त्याच आसनावर त्याला धम्मदृष्टी लाभली.

तथागतांनी त्याची त्वचा पाहिली नाही असे नाही. पण त्यांनी माणसाची योग्यता त्वचेवरून मोजली नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही कथा घेतली आहे. ती उपाली न्हावी, सुनीत भंगी आणि सोपाक यांच्या धम्मदीक्षेच्या कथांसोबत येते. कोणाशेजारी कोणाला बसवले आहे, ते लक्षात घ्या.

मूळ सुत्ताच्या शेवटी सुप्रबुद्धाच्या रोगाचे कारण म्हणून पूर्वजन्मीचे कर्म सांगितले आहे. मात्र आजच्या जन्मातली अवस्था मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ आहे, हा विचार बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात नाकारला. तेव्हा 'मागच्या जन्मीचे काहीतरी असेल' हे वाक्य कोणा आईच्या तोंडी आले, तर तिला प्रेमाने थांबवा. मुलाच्या डागाला मूल जबाबदार नाही, आणि आईही नाही.

३. त्वचेकडे कसे पाहावे

प्रव्रज्येच्या वेळी श्रामणेराला पाच गोष्टी ध्यानासाठी देतात : केस, अंगावरची लव, नखे, दात आणि त्वचा. कायानुपश्यनेत साधक या गोष्टी आधी स्वतःच्या देहात पाहतो, मग दुसऱ्याच्या. गोरी, काळी, डागाची, बिनडागाची, कोणतीही त्वचा त्या ध्यानात समान असते. ती बदलते, सुकते, झडते. तिच्यात 'मी' सापडत नाही.

सल्लसुत्तात दोन बाणांची उपमा आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या शोकाचा. दुसरा बाण आपण टाळू शकतो. पण ही उपमा वापरताना सावध राहा. लोकांच्या टक लावून पाहण्याने, बाजूला सरकण्याने जो बाण लागतो, तो त्या माणसाने स्वतः मारलेला नसतो. त्याला केवळ 'मन शांत ठेव' एवढेच सांगणे म्हणजे मारणाऱ्याला मोकळे सोडणे. त्या बाणाचे काय करायचे, हे आपल्याला महाडने शिकवले आहे.

४. पाणी आणि विटाळ

१९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. पण कागदावरचा हक्क पाण्यापर्यंत पोहोचला नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी गोमूत्र-शेण मिसळलेल्या पंचगव्याने तळे 'शुद्ध' केले. खटला चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

अस्पृश्यता आणि त्वचाविकाराची लाज या एकच गोष्टी नाहीत. पहिली धर्माने आणि कायद्याने बांधलेली, जन्मावर आधारलेली उतरंड होती. पण दोहोंत एक धागा समान आहे : दुसऱ्याच्या शरीराने पाणी विटाळते ही समजूत. चवदार तळ्याचे वारस असलेल्या आपल्या घरांत, लग्न जमवताना 'मुलीला कुठे डाग नाही ना?' असा प्रश्न विचारला जात असेल, तर २० मार्चला वाहिलेल्या फुलांचा अर्थ काय उरतो?

५. पाण्यात उतरताना

- क्लोरीनने त्वचा कोरडी पडते. पोहण्याआधी शॉवर घ्या आणि भेगांवर व्हॅसलिनचा पातळ थर लावा. पोहून झाल्यावर लगेच गोड्या पाण्याने अंग धुऊन मॉइश्चरायझर लावा.
- उघड्यावरच्या तलावात कोडाच्या डागांना सनस्क्रीन हवेच. तिथे रंगद्रव्य नसल्याने त्वचा लवकर भाजते.
- जखम ओली असेल किंवा पू येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
- पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख हवासा वाटला तर जरूर घाला. मात्र तो तुमच्या सोयीसाठी असावा, इतरांच्या नजरेसाठी नव्हे.
- कोणी विचारले तर एक वाक्य पुरे : 'हे संसर्गजन्य नाही.' मुलांकडून हे वाक्य घरीच बोलून घ्या, म्हणजे तिथे जीभ अडखळणार नाही.
- कर्मचाऱ्याने बाहेर जायला सांगितले तर तारीख, वेळ आणि त्याचे शब्द लिहून ठेवा. व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करा. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २०१० चा समता कायदा लागू आहे. या कायद्यात गंभीर स्वरूपाची विद्रूपता ही अपंगत्वासारखीच संरक्षित आहे. कोर्टात जायचे असेल तर साधारण सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून वेळ दवडू नका.

आणि तुमच्या त्वचेवर काहीच नसेल, तर तुमचे काम सर्वांत सोपे आहे. त्या माणसाच्या शेजारच्या लेनमध्ये उतरा आणि नेहमीसारखे पोहा. मैत्री भावना आसनावर बसून करायची असते, तशी पाण्यातही करायची असते.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. सुप्रबुद्ध आपल्या विहारात आला तर तो कुठे बसेल? त्याला जागा कोण करून देईल?
२. आपल्या बोलण्यातले कोणते शब्द त्वचाविकार असलेल्यांना दुखावतात?
३. विहारातल्या मुलांची एकत्र पोहण्याची सहल काढायची असेल, तर कोणतेही मूल मागे राहू नये म्हणून आधी काय करावे लागेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शक्यतो चर्चेत नको, उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्यक्ष द्या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.