आधी स्वतःचा पत्ता घे

अगं, चेन्नईत गेल्यावर तुला मराठीत लिहावंसं वाटायला लागलं, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. दिवसभर कानावर तमिळ, ऑफिसात इंग्रजी. मग आपली भाषा साठून राहते. ब्लॉग जरूर सुरू कर. फक्त पान कसं दिसेल यात आठवडे घालवू नकोस. लिखाण कुणाच्या ताब्यात राहणार, ते आधी ठरव.

स्वतःचं डोमेन घे, आणि ते तुझ्याच नावावर, तुझ्याच ईमेलवर नोंदव. साइट उभी करून देणाऱ्या मित्राच्या नव्हे. याहूनं 2009 मध्ये जिओसिटीज बंद केलं, 2019 मध्ये गूगल प्लस गेलं, आणि तिथल्या लेखांचे पत्तेही गेले. नाव आपलं असलं की मागची कंपनी बदलली तरी वाचकाला कळतसुद्धा नाही.

वर्डप्रेस पुरेसं आहे. प्लगइन मोजके ठेव, अपडेट टाळू नकोस. कमांड द्यायची भीती नसेल तर साइट बनवायचं ह्यूगो हे साधन बघ. त्यात डेटाबेसची भानगडच नाही.

खरं लक्ष देवनागरीकडे दे. टंकन युनिकोडमध्येच कर. जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर दुसरीकडे नेला की नुसती चिन्हं उरतात आणि शोधात सापडत नाही. फॉन्ट निवडताना ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘वाङ्मय’ हे शब्द लिहून बघ, आणि तेही साध्या फोनवर. सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवड. काही फॉन्ट ते पाहूनच आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. लेखाची लिंक मात्र छोट्या रोमन अक्षरांत ठेव. देवनागरी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की बऱ्याचदा टक्क्यांच्या खुणांची हातभर शेपटी होते, आणि मावशी-काकू तिला घाबरून हात लावत नाहीत.

आता चेन्नईपुरतं सांगते, कारण याचीच मला जास्त काळजी आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. डिसेंबर 2015 चा पूर आणि डिसेंबर 2023 चं मिचौंग वादळ, दोन्ही वेळा कित्येक वस्त्यांत पाणी शिरलं, वीज आणि नेट गेलं. लॅपटॉपशेजारच्या खणात ठेवलेली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत्येक लेखाची साधी टेक्स्ट फाइल ठेव, एक प्रत क्लाउडवर आणि एक पेनड्राइव्हवर आईकडे. फोटोही त्यात आले, ते सगळे विसरतात.

प्रतींचं मोल कळायचं असेल तर चेन्नईतच बेझंट नगरला उ. वे. स्वामिनाथ अय्यरांच्या नावाचं ग्रंथालय आहे, तिथे सवड काढून जा. ताडपत्रांवरचे जुने तमिळ ग्रंथ हुडकत ते गावोगाव फिरले. अनेक ठिकाणी वाळवी आधीच पोचली होती. जे ग्रंथ हाती लागले, ते पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी नकला करत राहिलं म्हणून. 1887 मध्ये त्यांनी ‘जीवक चिंतामणी’ हे जुनं तमिळ महाकाव्य छापून काढलं.

वाचकसंख्येचे आकडे, जाहिराती, यांच्याकडे वर्षभर ढुंकूनही बघू नकोस. या शनिवारी डोमेन नोंदव, नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरात टाक आणि पहिला लेख मला पाठव. मी माझ्या जुन्या फोनवर उघडून बघते.