घारापुरी : बुडालेल्या डोंगराचा माथा

उलव्याच्या पश्चिमेस समुद्रात घारापुरी बेट आहे. बेट म्हणजे पाण्यात पायथा बुडालेला डोंगरच! सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा येथील उथळ खाडी कोरडी होती. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले आणि माथा तेवढा वर राहिला.

घारापुरी व उलवे येथील खडक एकाच जातीचा : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. घारापुरीत सहाव्या शतकाच्या सुमारास त्यात लेणी कोरली गेली. १९८७ साली ती जागतिक वारसा ठरली. उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी मात्र विमानतळासाठी सपाट झाली.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गावच्या टेकडीचा खडक, उंची व वनस्पती यांची नोंद आजच करा. टेकडी गेली, तर निदान नोंद तरी उरेल.