सामान्य विश्वासी व देवाचें कार्य

सुवार्ताकार्य हें पाळकांचें व मिशनरींचें, आपलें नव्हे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु प्रेषितांच्या कृत्यांचा ११ वा अध्याय पाहा. स्तेफनाच्या वधानंतर छळामुळें पांगलेले कित्येक सामान्य विश्वासी अंत्युखियास गेले व त्यांनीं तेथील ग्रीक लोकांसही प्रभु येशूची सुवार्ता सांगितली. बर्णबा व शौल तेथें मागाहून आले. शिष्यांस ‘ख्रिस्ती’ हें नांव प्रथम त्याच नगरांत मिळालें. पण तेथील मंडळीचा पाया घालणाऱ्यांचीं नांवें कोठेंच लिहिलेलीं नाहींत.

आम्हीही असेच सामान्य आहों. दुकानदाराचें खरें माप, विद्यार्थ्यानें नक्कल न करितां लिहिलेला पेपर, आजारी शेजाऱ्याच्या उशाशीं जागविलेली रात्र, आणि कोणी कारण पुसल्यास दिलेलें नम्र उत्तर, हीच आमची सेवा होय. मुलांनो, त्यासाठीं मोठे होण्याची वाट पाहूं नका. शेजारी आजच जवळ आहे.