मशीन बिघडली नाही, तेल गोठलंय!



जून जवळ आला की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक पेरणीची आणि दुसरी शाळेच्या गणवेशांची. गणवेशाची ऑर्डर आली की कोपऱ्यात झाकून ठेवलेली शिलाई मशीन आठवते. कापड बाजूला सारून पायडलवर पाय ठेवला की कळतं, चाक हलतच नाही. नाहीतर हलतं, पण इतकं जड की दोन फ्रॉक शिवता शिवता पोटऱ्या भरून येतात.

मागच्या उन्हाळ्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत असंच झालं. एका ताईंनी नवीन मशीनसाठी 8,000 रुपयांच्या अंतर्गत कर्जाची मागणी केली. जुनीचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, "जाम झाली जी मॅडम. भंगारवाल्याले देऊन टाकतो म्हणलं." भंगारवाल्याने 700 रुपये सांगितले होते. बैठक संपल्यावर त्यांच्या घरी जाऊन मशीन पाहिली. तुटलेलं काहीच नव्हतं. आत सगळीकडे पिवळट-तपकिरी चिकट थर बसला होता, डिंकासारखा. चार वर्षांपूर्वी मशीनचं तेल संपलं म्हणून त्यांनी घरातलं सरकीचं तेल सोडलं होतं. नंतर शिवणकाम थांबलं आणि ते तेल आत गोठलं.

आजचा पाठ याच गोष्टीवर आहे. तुमच्या घरी जड झालेली मशीन असेल तर ती विकण्याआधी, किंवा नवीनसाठी कर्ज काढण्याआधी, हा पाठ वाचा आणि तीन दिवस मशीनला द्या.

तेल गोठतं कसं?

तेलाच्या बरणीच्या तोंडाशी बोट फिरवून पाहा, चिकट लागेल. कढईच्या बाहेरून बसलेला थर तर घासून घासूनही निघत नाही. कारण खायच्या तेलाला हवा लागली की हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो, तेलाचे कण एकमेकांना धरून बसतात आणि हळूहळू पातळ तेलाचा घट्ट थर होतो. जवसाच्या तेलात हा गुण सगळ्यात जास्त. म्हणून तर सुतार ते दारं-खिडक्यांना लावतात, सुकलं की लाकडावर पापुद्रा धरतं. दाराला हे चांगलं, पण मशीनच्या सांध्यात तेच तेल गेलं तर लोखंडाला लोखंड चिकटतं. सरकी, सोयाबीन, करडई या तेलांचंही कमी-जास्त असंच होतं.

खोबरेलाची गोष्ट वेगळी. ते सुकत नाही, पण थंडीत बाटलीत कसं पांढरं होऊन बसतं ते आपण दरवर्षी पाहतो. तसंच ते मशीनमध्येही गोठतं. डिसेंबरच्या सकाळी मशीन जड आणि दुपारी थोडी हलकी, असं होत असेल तर आधी खोबरेलावर शंका घ्या.

मशीनचं तेल खनिज तेल असतं. पाण्यासारखं स्वच्छ, पातळ, वास जवळजवळ नाहीच. ते असं पापुद्रा धरत नाही. पण तेही वर्षानुवर्षं पुसलं नाही आणि त्यात धूळ, तंतू मिसळले, तर काळा चिखल होतोच. आपल्याकडे हा त्रास जास्त, कारण वेचणीनंतर कापूस बऱ्याच घरांत त्याच खोलीत साठवतात जिथे मशीन असते. पांढऱ्या सोन्याचे तंतू तेलाला चिकटतात आणि दात्यांखाली नमद्यासारखी गादी तयार होते.

आधी दुखणं ओळखा

जड मशीन म्हणजे गोठलेलंच तेल, असं नाही. म्हणून आधी एवढं तपासा:

– पट्टा काढा आणि नुसतं हातचाक फिरवा. आता हलकं फिरलं, तर दोष खालच्या पायडलमध्ये, मोठ्या चाकात किंवा जास्त ताणलेल्या पट्ट्यात आहे.
– बॉबीन भरायचं छोटं चाक हातचाकाला घासत तर नाही ना?
– शटलमध्ये किंवा चाकाच्या दांड्यावर दोरा गुंडाळला गेलाय का? ब्लेडच्या टोकाने नाही, चिमट्याने काढा.
– बॉबीन भरताना हातचाकाच्या मधला गोल स्क्रू ढिला केला तरी सुई खालीवर होतच राहते? मग त्या चाकात तेल गोठलंय, हे नक्की.

पट्टा काढूनही हातचाक जड असेल आणि दोरा अडकलेला नसेल, तर पुढच्या पायऱ्या करा.

लागणारं सामान

पाव लिटर रॉकेल, मशीनचं तेल, जुना टूथब्रश, मऊ सुती चिंध्या, बांबूची बारीक काडी, स्क्रूड्रायव्हर, जुनी वर्तमानपत्रं. रेशनवर रॉकेल आता सहज मिळत नाही. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातला गंज सोडवायचा फवारा चालतो. पेट्रोल मात्र कोणी सांगितलं तरी वापरू नका. त्याची वाफ दूरवरची ठिणगीसुद्धा धरते.

पहिला दिवस: कोरडी सफाई

पायरी 1. मशीनला मोटर असेल तर पिन काढा आणि मोटर उतरवून बाजूला ठेवा. मोटरीत आणि वायरवर रॉकेलचा थेंबही जाऊ नये.

पायरी 2. सुई, दोरा, बॉबीन आणि बॉबीन केस काढा. सुईखालची पट्टी खोला. डाव्या बाजूचं झाकण काढा, आत सुईची दांडी दिसेल. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. स्क्रू एका वाटीत, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवा. दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या चकत्यांना हात लावू नका.

पायरी 3. टूथब्रश आणि काडीने सगळे तंतू काढा. दात्यांच्या फटीत आणि शटलच्या घरात सगळ्यात जास्त सापडतील. हे काम रॉकेलच्या आधीच करायचं, नाहीतर तंतू भिजून आणखी आत जातात.

पायरी 4. मशीनचं डोकं मागे कलंडून तासभर उन्हात ठेवा. आपल्या उन्हाने लोखंड चांगलं तापतं आणि गोठलेला थर नरम होतो. चुलीवर किंवा मेणबत्तीने तापवायचं नाही.

दुसरा दिवस: थर सोडवणं

पायरी 5. मशीन अंगणात, सावलीत घ्या. जवळ चूल, दिवा, बिडी काही नको. खाली वर्तमानपत्र अंथरा. तेलाच्या प्रत्येक भोकात आणि जिथे जिथे लोखंडावर लोखंड फिरतं त्या प्रत्येक सांध्यात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा. वरची भोकं, मागची, डाव्या झाकणाच्या आतला भाग, खालचे दांडे, शटलचं घर आणि हातचाकाचा मधला भाग, सगळीकडे.

पायरी 6. आता थांबा, किमान तीन-चार तास. जुना थर असेल तर रात्रभर. मग हातचाक थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. जेवढं जाईल तेवढंच. पक्कड लावून, जोर करून फिरवायचं नाही. जोराने दांडा वाकला की मग खरंच मिस्त्री लागतो.

पायरी 7. सांध्यांतून तपकिरी-काळं पाणी येऊ लागेल. ते पुसा आणि पुन्हा थेंब सोडा. पुसताना चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा. वर दिसणारा कडक थर काडीने किंवा जुन्या कंगव्याच्या दाताने खरवडा, सुरीने नाही. बाहेरच्या सोनेरी नक्षीवर रॉकेल घासू नका आणि स्पिरिट तर लावूच नका, रंग निघतो.

तिसरा दिवस: नवीन तेल

पायरी 8. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि इथे मी स्वतः चुकले आहे. या कामावर नवीन होते तेव्हा कळंब भागातल्या एका ताईंना मी फोनवर सांगितलं, "रॉकेल टाका, मोकळी होईल." झालीही मोकळी. त्यांनी लगेच ब्लाउज शिवायला घेतले. आठ दिवसांत मशीन किंचाळायला लागली आणि सुईची दांडी खेळायला लागली. रॉकेल थर सोडवतं, पण वंगण म्हणून टिकत नाही. जुनं तेल धुऊन मी त्यांना नवीन तेलाचं सांगितलंच नव्हतं. दुरुस्तीचे पैसे त्यांचे गेले आणि शिकायला मला मिळालं. त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

तर, सगळे सांधे कोरड्या चिंधीने पुसा. ओलावा उडून जाऊ द्या. मग त्याच दिवशी प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब सोडा आणि हातचाक पाच मिनिटं फिरवा. फवारा वापरला असेल तरी नंतर हे तेल द्यायचंच.

पायरी 9. फोटो पाहून सगळे भाग परत बसवा. रात्रभर दात्यांखाली चिंधी ठेवा. सकाळी जास्तीचं तेल पुसा आणि आधी जुन्या फडक्यावर दोन-चार हात शिवा. फडक्यावर तेलाचा डाग येणं बंद झालं की मगच गिऱ्हाइकाचं कापड लावा.

तीन दिवसांनीही चाक अजिबात हललं नाही, तर गंज चढलेला असू शकतो. तेव्हा मिस्त्रीला दाखवा. पण सफाई झालेली मशीन घेऊन गेलात तर त्याचा वेळ आणि तुमचा खर्च, दोन्ही कमी.

रॉकेल आणि लेकरं

ताईंनो, हे मात्र दोनदा वाचा. रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. पाणी समजून लेकरू पिऊन टाकतं. तसं झालंच तर उलटी करवायची नाही, कारण उलटी होताना रॉकेल फुफ्फुसात जातं. दूध, तूप काही पाजू नका. 108 ला फोन करा किंवा ताबडतोब दवाखान्यात न्या. उरलेलं रॉकेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, चुलीतही घालू नका. बाहेर मोकळ्यावर पसरून वाळू द्या. काम झालं की हात साबणाने धुवा.

पुन्हा गोठू नये म्हणून

– रोजचं काम संपलं की ब्रशने तंतू झाडा.
– दिवसभर शिवणाऱ्या ताईंनी रोज, कधीमधी शिवणाऱ्यांनी आठवड्याला एकदा तेल द्यावं. थेंब एकच. जास्त तेलाने कापड खराब होतं आणि धूळ जमते.
– मशीन बंद असली तरी महिन्यातून एकदा तेल देऊन चाक फिरवा. गटाच्या बैठकीची तारीख हीच तेलाची तारीख ठरवा, म्हणजे विसरणार नाही.
– गाडीचं जळकं ऑइल, खायचं तेल, खोबरेल, तूप यांतलं काहीही नको.
– पावसाळ्यात सुती कापडाने झाका. प्लास्टिकखाली ओल धरते.

जुनी म्हणून कमी समजू नका

अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी शिलाई मशीनचं पेटंट घेतलं ते 1851 साली. आपल्याकडे उषाची मशीन 1930 च्या दशकात कोलकात्यात तयार होऊ लागली. आपल्या काळ्या लोखंडी मशीनची रचना त्याच जुन्या घराण्यातली आहे. सगळे भाग उघडता येतात, पुसता येतात, बदलता येतात. आजीच्या हातची मशीन नात वापरू शकते ती यामुळेच. शेजारच्या वर्ध्यात पुढे ज्यांनी आश्रम उभारला त्या गांधीजींनी 1924 साली यंत्रांवर टीका करतानासुद्धा शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं.

घाटंजीच्या त्या ताईंची मशीन तिसऱ्या दिवशी फिरली. सुई खालीवर झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाप्पा, हे तं जितीच होती!" कर्ज त्यांनी घेतलं, पण 8,000 नाही, 2,000. त्याचं अस्तर, दोरे आणि फॉलचं सामान आणलं. हप्ता मशीनच्या कमाईतून जातो. कर्ज घेऊ नका असं मी म्हणत नाही. जे घरात आहे ते आधी तपासा आणि मग लागेल तेवढंच घ्या, एवढंच म्हणणं आहे.

पुढच्या बैठकीत बोलूया

1. आपल्या गटात किती मशीन बंद पडल्या आहेत? नेमक्या कशामुळे?
2. कोणी मशीनमध्ये कोणतं तेल घातलं होतं?
3. गटाच्या निधीतून एक सामाईक सफाई पेटी घेता येईल का? ब्रश, स्क्रूड्रायव्हर, तेलाची कुपी. ती कोणाकडे राहील?
4. आपल्यातली कोणती ताई हे काम शिकून दुसऱ्या गटांच्या मशीन साफ करून देईल? त्याची मजुरी किती ठरवायची?

उत्तरं कार्यवृत्तात लिहा. मी बैठकीला येईन तेव्हा ब्रश घेऊनच येईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक