रातांधळेपणा व परसातील पालेभाजी

रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यातील काशीद हे गाव समुद्रास लागून आहे. एका बाजूस पुळण व सुरूची झाडे, दुसऱ्या बाजूस फणसाडचे जंगल आणि मध्ये नारळ-सुपारीच्या वाड्या, असा हा प्रदेश. दृष्टी राखणारे अन्न येथे दुरून आणावयास नको. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा अळू आणि कुंपणाचा शेवगा हेच ते अन्न होय. परंतु शेवग्याच्या शेंगा तेवढ्या खाऊन पाला टाकून दिला, तर घरचेच औषध वाया जाते.

रोग कसा जडतो?

अंधुक उजेडात दिसण्यासाठी डोळ्याच्या आतील पडद्यात एक जांभळट रंगद्रव्य असते. उजेड पडताच ते विघटते व पुन्हा तयार व्हावे लागते. त्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्व लागते. ते अपुरे पडले म्हणजे दिवेलागणीस मूल ठेचाळू लागते व समोरचे भांडे चाचपडू लागते. हीच पहिली सूचना समजावी. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर फेसासारखे ठिपके दिसतात आणि अखेरीस बुबुळावरील पारदर्शक पडदा मऊ पडून दृष्टी कायमची जाते. गोवर झालेल्या मुलांस हा धोका अधिक असतो.

या रोगाच्या प्रतिबंधासाठी भारतात १९७० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार नवव्या महिन्यात १ लाख एककांची व पुढे पाच वर्षांपर्यंत २ लाख एककांची, अशा एकूण ९ मात्रा बालकांस दिल्या जातात.

गर्भवतीने काय करावे?

गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत गर्भाची गरज वाढते व काही स्त्रियांस संध्याकाळी दिसेनासे होते. हे गर्भारपणात चालायचेच, असे मानून स्वस्थ बसू नये. आरोग्य केंद्रात दाखवावे. २०२० च्या राष्ट्रीय शिफारशीप्रमाणे स्त्रीस रोज ८४० व गर्भवतीस ९०० मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व लागते. वाढ थोडी आहे. ती आहारातून भागू शकते.

बालकांची मोठी मात्रा किंवा माशाच्या यकृताचे तेल मात्र गर्भवतीने आपल्या मनाने घेऊ नये. सुरुवातीच्या महिन्यांत या जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्यास गर्भात व्यंग उद्भवू शकते. पालेभाजीतील कॅरोटीनचे रूपांतर शरीर गरजेपुरतेच करते, म्हणून भाजीपासून हे भय नाही.

परसात काय लावावे?

पावसाळ्याच्या आरंभी शेवग्याचा हातभर जाडजूड फाटा, पाणी न साचणाऱ्या जागी लावावा. पुळणीच्या जमिनीत खड्ड्यात माती व कुजलेले शेणखत भरावे. सांडपाण्याच्या पाटाशी अळू, मोकळ्या जागेत माठ व लाल भोपळा आणि कडेस पपई लावावी. पिकलेला आंबाही या कामी उपयोगी आहे.

भाजी झाकण ठेवून बेताची शिजवावी व तिचे पाणी फेकू नये. कॅरोटीन स्निग्ध पदार्थांसह अंगी लागते. म्हणून फोडणीत थोडे तेल अथवा वरून ओले खोबरे घालावे. अळू आमसूल किंवा चिंच घालून नीट शिजवावा, म्हणजे घशास खाजत नाही. अंडी, दूध व मासळी परवडेल तशी घ्यावी.

एक शेवगा व चार अळवाचे कंद यांस फारसा खर्च येत नाही. गेलेली दृष्टी मात्र कोणत्याही खर्चाने परत येत नाही.